घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम : विक्रोळीतले आमचे ३८ दिवस

आमच्याकडे ही टीम ३८ दिवस येत होती. पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. एक रुपया घेतला नाही. चार महिने आधी आली असती तर अण्णांचं बरंच दुखणं वाचलं असतं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, पण ती या टीमबद्दल नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७४, गोदरेजमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. आम्ही कन्नमवार नगरात राहतो, म्हाडाची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी एका पतपेढीत अकाउंट्स बघते. हे सांगायचं कारण, पुढे इन्शुरन्सचा विषय येणार आहे आणि कागद ओळ न ओळ वाचणं हे माझं रोजचं काम आहे.

टीमचं नाव लिहीत नाहीये. त्यांच्या सिस्टरनीच तसं सांगितलं. दोन डॉक्टर, तीन सिस्टर, एक सोशल वर्कर, आणि भाग घाटकोपर ते मुलुंड. एकदम फोन वाढले तर हातात आहेत त्या पेशंटचे हाल होतात, म्हणून पेशंट फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतात. त्यामुळे नावापेक्षा ही सेवा घरात आल्यावर नक्की काय होतं, काय होत नाही आणि पैशाचं काय, ते लिहिते. कुठल्याही टीमकडे गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

जानेवारीत अण्णांना कावीळ झाली. सोनोग्राफी, सीटी, आणि मग स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकला, दोन केमो झाल्या, तिसरी झेपली नाही. त्या हॉस्पिटलमध्ये डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा."

सेवा करायला आम्ही तयारच होतो. पण सेवा करा म्हणजे काय करा? रात्री दोनला माणूस पोट धरून ओरडायला लागला तर कोणती गोळी द्यायची? उलटीत गोळी पडली तर परत द्यायची का? पाय सुजले, जेवण बंद झालं, तर सलाइन लावायचं की नाही? कॉट कुठे मिळते, आया कुठून आणायची, यातलं काय इन्शुरन्समध्ये बसतं? डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नव्हतं. "फॉलो अप ॲज ॲडव्हाइज्ड" एवढं होतं. चार महिने आम्ही प्रत्येक गोष्टीसाठी वेगळ्या माणसाकडे धावलो. ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, म्हणायचे दुखण्याचं फॅमिली डॉक्टरांना विचारा, फॅमिली डॉक्टर म्हणायचे कॅन्सरचं औषध मी कसं बदलू. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. मध्ये अण्णा कळवळत होते.

शेवटी केमो वॉर्डातल्या एका सिस्टरनी लिफ्टपाशी माझ्या मिस्टरांना थांबवून सांगितलं, "फाइलवर रेफर टू पॅलिएटिव्ह असं लिहून मागा." मागितल्यावर लगेच लिहून दिलं. मागावं लागतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

पहिल्या भेटीत डॉक्टर मॅडम दीड तास बसल्या. आमच्याशी बोलायच्या आधी अण्णांना विचारलं, "काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" आम्हाला वाटलं पोटाचं सांगतील. अण्णा म्हणाले, "पाच दिवस शौचाला झालेलं नाही. सुनेला कसं सांगणार?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चार महिने मी त्यांच्या तोंडात औषध घालत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी औषधांचा डबा मागवला. चौदा औषधं होती. कोलेस्टेरॉलची, व्हिटॅमिनची, भूक वाढवायचं सिरप, दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी दिलेली ॲसिडिटीची एकच गोळी दोन नावांनी. त्यातली सहा बंद केली आणि प्रत्येक का बंद केली ते अण्णांना मराठीत समजावून सांगितलं. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा जरा सैल झाले. नुसत्या गोळ्या गिळूनच त्यांचं पोट भरत होतं.

सिस्टरनी मला एक शंभर पानी वही आणायला लावली आणि पट्टीने चार रकाने आखून दिले. वेळ, गोळी, दुखणं, शौच. दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. अण्णांनी आयुष्यभर व्हर्निअरवर मापं घेतलेली. त्यांना पूर्ण आकडे पटेनात. मी "सहा लिहू?" म्हटलं की डोळे मिटून जरा वेळ घ्यायचे आणि म्हणायचे, "सहा नाही, साडेपाच." कधी "सव्वाचार". मी तसंच लिहायचे. डॉक्टर आल्या की आधी वही वाचायच्या. पहाटे चारच्या नोंदी सलग जास्त आहेत हे त्यांना वहीतूनच कळलं आणि त्यांनी रात्री झोपतानाचा डोस बदलला. चार महिन्यांत कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता, की दुखतं ते किती वाजता दुखतं.

मॉर्फिनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरोघरी यावरूनच वाद होतात. आमच्याकडेही झाला. अण्णांचे धाकटे भाऊ डोंबिवलीहून आले आणि म्हणाले, "आता दादाला नशेवर ठेवणार का?" डॉक्टर मॅडमनी त्यांना शेजारी बसवून सांगितलं, की दुखण्यासाठी मापात आणि वेळेवर दिलेलं मॉर्फिन व्यसन लावत नाही आणि आयुष्यही तोडत नाही. गोळीचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून दुखायला लागायची वाट न बघता चार तासांनी द्यायची. आणि त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं. तिसऱ्या दिवशी वहीत "दोन" आला. त्या रात्री अण्णा साडेपाच तास सलग झोपले. आम्हाला सवय नव्हती, म्हणून मी दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते बघितलं.

ही गोळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायला लागले, की बहुतेक ठिकाणी ते ठेवणंच बंद झालं. २०१४ साली कायद्यात बदल झाला आणि मान्यता मिळालेल्या संस्थेला एकाच परवानगीवर ते ठेवता यायला लागलं. अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात, सरकारी परवान्यावर पिकते आणि आपल्याच माणसांना दुखण्यावर ती मिळायला एवढी वणवण, याचा मला अजूनही राग येतो. टीमकडे गोळ्या मोजून मिळायच्या, उरलेल्यांचा हिशेब पुढच्या भेटीत द्यायचा. हिशेब द्यायला माझी काहीच हरकत नव्हती.

आता पैसे.

मिस्टरांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, पाच लाखांची, आईवडील धरून. स्टेंटच्या वेळचं १ लाख ८६ हजारांचं बिल कॅशलेस झालं, विनाअडथळा. त्यानंतर घरचा खर्च सुरू झाला. आयाचे १२ तासांचे ९०० रुपये, कॉटचं भाडं, बेडसोअर होऊ नयेत म्हणून एअर बेड, ऑक्सिजनचं मशीन, औषधं, लघवीच्या पिशव्या, डायपर. टीम यायच्या आधीच आम्ही ९० हजारांच्या वर गेलो होतो. सगळी बिलं लावून क्लेम टाकला, पूर्ण नाकारला. कारण म्हणून पॉलिसीतला एक कोड लिहिला होता, एक्ससीएल०५.

मी तो कलम काढून वाचला. घरी किंवा नर्सिंग होममध्ये अंघोळ घालणं, कपडे बदलणं, हालचालीला मदत करणं, हे वगळलेलं आहे. आणि त्याच्याखाली, मरणाच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठी दिलेल्या कोणत्याही सेवा. हेही वगळलेलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर जे उत्तर द्यायचं, तेच शब्द. हे एका कंपनीचं नाही. २०१९ साली आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्यांसाठी एकसारखी केली, वगळायचं असेल तर याच शब्दांत वगळा म्हणून. म्हणजे अण्णांना आयसीयूत ठेवून आम्ही तीन लाख घालवले असते तर ते मिळाले असते. घरी शांत ठेवण्यासाठी एका आयाचे ९०० मिळत नाहीत. हे वाक्य मी पतपेढीत चार जणांना वाचून दाखवलं. त्यांच्या घरच्या पॉलिसीही काढून बघितल्या, तिथेही हेच.

इथे टीमच्या सोशल वर्कर ताईंनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देईन. त्या घरी येऊन जमिनीवर सगळी बिलं पसरून बसल्या आणि दोन ढीग केले. हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसीत मिळतो, आमच्यात ६० दिवस. त्याच आजाराची औषधं, डॉक्टरांची फी, तपासण्या यात बसतात, फक्त डिस्चार्ज कार्ड आणि प्रिस्क्रिप्शन जोडायला हवं. आम्ही सगळं एकाच क्लेममध्ये कालवलं होतं म्हणून सगळंच गेलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिला ढीग वेगळा पाठवला आणि २१ हजार ४०० मंजूर झाले. आया, कॉट, डायपर यांचे नाही आले ते नाहीच. घरी नर्सिंगची गरज असेल तर ते डिस्चार्जच्या वेळीच कार्डावर लिहून घ्यायचं, पॉलिसीत तशी सोय असेल तर त्यावाचून काही होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. विमा लोकपालांकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, पण आधी कंपनीला लेखी कळवून महिनाभर थांबावं लागतं. आमचं पत्र गेलंय.

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचंही विचारलं. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड २०२४च्या ऑक्टोबरपासून मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. कार्ड काढून ठेवा, उपयोगी आहे. पण योजना काय, कार्ड काय, दोन्ही ॲडमिट होण्यासाठी. तिसऱ्या मजल्यावर घरी झोपलेल्या माणसाच्या आयाला त्यातून काही नाही.

माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या शेजारणीच्या वडिलांचं नुकतंच असंच झालं होतं, म्हणून ती रोज फोनवर विचारायची, इथे असं का नाही. तिथे ६५ वर्षांपुढच्यांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, १९८३ पासून हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या सेवेची, वेगळी तरतूद आहे. साधारण सहा महिन्यांचंच आयुष्य उरलंय असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं आणि त्या आजारावर बरं व्हायचे उपचार नकोत असं पेशंटने मान्य केलं, की सिस्टर, कॉट, ऑक्सिजन, दुखण्याची औषधं सगळं एकाच संस्थेमार्फत घरी येतं. घरचे थकले तर पेशंटला एका वेळी पाच दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवायची सोय असते. तिथेही मदतनीस दिवसभर बसत नाही, बाकीचं घरच्यांनीच करायचं असतं, हे नणंदेनेच सांगितलं. पण एक फोन, एक फाइल. मला त्यातलं तेवढंच हवं होतं.

आमच्या टीमने विम्याशिवाय, देणगीवर, तसंच काहीसं करून दाखवलं. ऑन्कॉलॉजिस्टना त्यांनीच फोन केला, फॅमिली डॉक्टरांना त्यांनीच, कॉट भाड्याने देणारा मुलुंडचा माणूस त्यांचाच ओळखीचा. आयाला एअर बेडवरची चादर सुरकुती न पडता कशी घालायची आणि दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते सिस्टरनी शिकवलं. शेवटच्या दहा दिवसांत अण्णा काही खात नव्हते, तेव्हा मला सगळे सांगत होते सलाइन लाव. सिस्टरनी गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून, पाण्यात बुडवून, पिळून, अण्णांच्या गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवून दाखवला. मग ओठांना व्हॅसलीन. दर दोन तासांनी. मोसंबीच्या रसाचा बर्फ करून चमच्याने चिमूटभर. मोसंबी जिभेला लागली की अण्णा भुवया उचलायचे. जेवण भरवता येत नाही म्हणून जो जीव तुटत होता त्याला हे एक काम मिळालं.

कमतरता लिहायलाच हव्यात. सिस्टर आठवड्यातून दोनदाच येतात, रविवारी कोणी येत नाही. रात्रीचा फोन एकच आहे. एका रात्री सव्वादोनपासून तीन वाजेपर्यंत मी तो लावत होते, उचलला नाही. दुसऱ्या पेशंटकडे शेवटची वेळ चालू होती, हे सकाळी कळलं. मी समजू शकते, पण ती पाऊण तासाची रात्र मी विसरणार नाही. अण्णांशी बोलायला समुपदेशक एकदाच आल्या, आणखी एकदा यायला हव्या होत्या. माझ्या मुलाशी, नववीत आहे तो, कोणीच वेगळं बोललं नाही. आणि ही टीम कॅन्सरचेच पेशंट घेते. आमच्याच मजल्यावरचे काका लकवा होऊन दोन वर्षं पडून आहेत, त्यांच्या सुनेने मला विचारलं तेव्हा मला "नाही घेत" म्हणावं लागलं.

घरी जमत नसेल तर मुंबईत दुसऱ्या वाटा आहेत. टाटा हॉस्पिटलमध्ये फाइल असेल तर तिथल्या पॅलिएटिव्ह विभागात विचारा, त्यांची होमकेअर आहे. वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या बाजूला शांती आवेदना सदन आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासूनचं, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी, आणि पैसे घेत नाहीत. मला मध्ये ताप आला तेव्हा मिस्टर तिथे जाऊन बघून आले. परत येऊन अण्णांना म्हणाले, "अण्णा, जवळच समुद्र आहे, शांत आहे, जायचं का चार दिवस?" अण्णा म्हणाले, "मला खाली उतरवू नका." तीन मजले खुर्चीत बसवून, चार जणांनी धरून, प्रत्येक वळणावर भिंतीला खांदे घासत ते केमोला उतरले होते. ते परत नको होतं. विषय तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट, जी कोणी आधी सांगत नाही. माणूस घरी गेला तर मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो, त्याशिवाय स्मशानात पुढे काही होत नाही. डॉक्टर मिळाला नाही तर गोष्ट पोलिसांपर्यंत, पोस्टमॉर्टेमपर्यंत जाऊ शकते. सोशल वर्कर ताईंनी तीन आठवडे आधीच आमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. ते दोनदा घरी येऊन अण्णांना बघून गेले होते, रिपोर्टच्या झेरॉक्स त्यांच्याकडे दिलेल्या होत्या. अण्णांचं आणि आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, आधार कार्ड एका पाकिटात घालून टीव्हीच्या खणात ठेवलं होतं. मला तेव्हा ते फार कठोर वाटलं होतं. जिवंत माणसाच्या उशाशी बसून हे काय बोलायचं?

शुक्रवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी अण्णा गेले. त्याआधी दोन तास घशात घरघर होती. टीमच्या डॉक्टर फोनवर होत्या, या वेळी पहिल्या रिंगला उचलला. त्यांनी कुशीवर वळवायला सांगितलं आणि ही घरघर आपल्याला ऐकवत नाही, त्यांना त्याचा त्रास होत नाहीये, असं दोनदा सांगितलं. आई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. कोणी पळापळ केली नाही. साडेसहाला फॅमिली डॉक्टर आले, दाखला लिहून दिला. पाकीट खणात होतं.

तेराव्यानंतर सिस्टर आल्या. मी वही आणि उरलेल्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यांनी गोळ्या ताटलीत ओतून दोन-दोन करत मोजल्या, सतरा. वहीत माझ्याही सतराच होत्या. दोघींनी सही केली. एअर बेड आम्ही त्यांच्याकडेच दिला, भांडुपला एका घरी जाणार होता. पंप रात्री घरघरतो, खाली जाड टॉवेल दुमडून घातला की आवाज कमी होतो, हे त्या घरी सांगा म्हटलं. त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि पान फाडून पर्समध्ये ठेवलं.